पाठवणीचा किनारा

विलायती पुस्तकं वाचून पक्षी बघायला शिकलेल्या माणसाची आपल्या किनाऱ्यावर पहिली फजिती होते ती वसंतात. त्या पुस्तकांत वसंत म्हणजे येणाऱ्यांचा ऋतू. एप्रिल लागला की इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची पक्षीवेडी मंडळी भूशिरांवर ठाण मांडतात आणि आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येणारी पहिली भिंगरी, पहिला कुक्कू वहीत टिपून घेतात. तेच डोक्यात घेऊन मी एका चैत्रात आंजर्ल्याच्या वाळूवर समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. एक नाही, लागोपाठ चार सकाळी. चौथ्या दिवशी जाळं खांद्यावर टाकून चाललेले एक नाखवा थांबले.

"कुणाची होडी यायचीय?"

"होडी नाही, पक्षी बघतोय. बाहेरून येणारे."

"आता कुठले यायला? आता त्यांचे जायचे दिवस," असं म्हणून ते चालू लागले. मी मान वळवली. माझ्या पाठीमागे, जोग नदीच्या मुखाशी, ओल्या वाळूवर दीड-दोनशे पाखरं खाण्यात गर्क होती. चार दिवस मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो.

उत्तरेकडच्या माणसाला जो पक्षी वसंतात येताना दिसतो, तो कुठून तरी निघालेला असतो. त्यातल्या पुष्कळांचं ते 'कुठून तरी' म्हणजे आपण. सैबेरियाच्या उत्तर टोकापासून हिंदी महासागरापर्यंतच्या हवाई वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. ३० देशांवरून जाणारी ही वाट पाणपक्ष्यांच्या १८२ जाती वापरतात आणि तिच्या दक्षिण टोकाशी आपला देश आहे. शरद ऋतूत ही वाट आपल्या दाराशी येऊन संपते आणि वसंतात आपल्या दारापासून सुरू होते. म्हणून युरोपातल्या वसंताची मजा आपल्याला भाद्रपद-आश्विनात मिळते. आपल्या वसंताचं काम वेगळं. तो पाठवणीचा हंगाम.

किनाऱ्यावरच्या फलकांवर या पक्ष्यांना हटकून 'परदेशी पाहुणे' म्हटलेलं असतं. मला ते कधी पटलेलं नाही. आंजर्ल्याच्या वाळूवरचा छोटा चिखल्या (इंग्रजी पुस्तकांतला लेसर सँड प्लोव्हर) जुलैच्या अखेरीस भर पावसात इथे परत येऊ लागतो आणि एप्रिल-मेमध्ये जातो. वर्षातले आठ-नऊ महिने जो आपल्याकडे राहतो त्याला पाहुणा कसं म्हणायचं? बाळंतपणाला माहेरी जावं तसा तो उत्तरेला जातो. नांदतो इथेच.

किनाऱ्यावर पक्षी बघायचे तर घड्याळाआधी पंचांग लागतं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मोबाइलला रेंज नसलेल्या वाडीत हा हिशेब कधी दगा देत नाही. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा पाखरं लांबवर पांगलेली असतात आणि उन्हाच्या लाटांमधून दुर्बिणीत नुसते ठिपके थरथरताना दिसतात. भरती चढू लागली की समुद्रच त्यांना गोळा करून काठाकडे आणतो. आपण एका जागी बसून राहायचं. भरतीच्या आधीचे दोन तास सोन्याचे, आणि दशमी ते द्वादशीची सकाळ त्यातल्या त्यात उत्तम. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वाळूची जेमतेम पट्टी उरते. सगळी मंडळी तिथे दाटीने बसतात, मोजायला सोपी. भांगाच्या दिवसांत मात्र पाणी धड वर येत नाही आणि पक्षी जवळ येत नाहीत.

पहिली पाठवणी शिमग्याच्या आगेमागे. ती बघायला आंजर्ल्याहून पलीकडे हर्णैला जावं. तिथला मासळीचा लिलाव उघड्या वाळूवर होतो. होड्यांतून टोपल्या उतरतात, पापलेट-सुरमईचे ढीग लागतात, बोली चढतात, आणि या सगळ्या गलबल्यावर कुरवांचा आणखी एक लिलाव सुरू असतो. समुद्रावरच्या या पांढऱ्या-करड्या पक्ष्यांना पर्यटक सरसकट 'सीगल' म्हणतात. डिसेंबरात त्यांच्यातल्या जाती ओळखणं खरोखरच अवघड असतं. फेब्रुवारी सरताना मात्र एकेकाची खूण उमटू लागते. कानामागे जो काळपट डाग असतो तो पसरतो, डोक्यावरून पुढे चढतो, डोळा गिळतो आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ण टोपडं तयार होतं. या कामात सगळ्यांत पुढे असतो पलाश कुरव. पीटर पलास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. घारीला लाजवील असा थोराड पक्षी, पिवळी जाड चोच, आणि इतर कुरव अजून भुरके असताना याचं डोकं कोळशासारखं काळं. मध्य आशियातली सरोवरं हे त्याचं विणीचं ठिकाण. मार्चमध्ये हर्णैला त्याची संख्या झपाट्याने उतरते.

त्याच्यामागून तपकिरी डोक्याचा कुरव जातो. हा माझा विशेष लाडका, कारण याची भेट महाराष्ट्रातल्या हजारो माणसांना वर्षातून दोनदा होते आणि त्यांना पत्ता नसतो. जानेवारीत हर्णै-मुरुडला जाऊन आलेलं कुटुंब जूनमध्ये लडाखला जातं, पँगाँगच्या निळ्या पाण्यापुढे फोटो काढतं, आणि फोटोत मागे जो चॉकलेटी डोक्याचा पक्षी घिरट्या घालत असतो तो हाच. समुद्र सोडून ४,२०० मीटरहून उंच असलेल्या सरोवरावर 'सीगल' कसा, असा प्रश्न तिथे एका काकूंनी मला विचारला होता. त्या रत्नागिरीच्या निघाल्या. मी म्हटलं, तुमच्याच गावचा आहे, उन्हाळ्यापुरता वर आलाय. अगदी तोच पक्षी, अशी शपथ मी घेणार नाही, जात तीच. लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांतल्या बेटांवर हे कुरव घरटी करतात. पँगाँगला त्याचं डोकं चॉकलेटी असतं आणि हर्णैला भुरकं, म्हणून ओळख पटत नाही, इतकंच. ओळख पटवायची असेल तर पंखाची टोकं बघावीत. काळ्या टोकांवर आरशाच्या तुकड्यासारखे पांढरे ठिपके दोन्हीकडे सारखेच असतात.

पण वसंतातला किनारा खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा तर कुरव सोडून खाली, वाळूवर बघावं लागतं. कुरव दिसतातच, चिखल्या शोधावा लागतो. आंजर्ल्याला मार्च-एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पहाटे गर्दी होते. शेकडो डोळे वाळूच्या एका चौकोनावर खिळलेले असतात आणि तिथून पन्नास पावलांवर, ओल्या वाळूच्या रंगाचीच, मुठीएवढी पाखरं पळत असतात. वजन साठेक ग्रॅम. एका बऱ्यापैकी हापूस आंब्याच्या वजनात असे चार चिखल्या बसतील.

एका वर्षी मला त्यांच्यातला एक वेगळा ओळखता आला. डाव्या पायाने तो किंचित लंगडत होता. म्हणून पाच आठवडे, दर शनिवार-रविवारी, मी त्याच्यावर नजर ठेवली. शिमगा होऊन गेला होता तेव्हा तो इतरांसारखाच होता: पाठ मातकट, पोट पांढरं, छातीच्या दोन्ही बाजूंना धुरकट पट्टा. पाडव्याच्या सुमारास त्या पट्ट्यात चार-सहा पिसं विटकरी दिसली. वाटावं, कुठे तरी लाल मातीत बसून आलाय. रामनवमीला पट्टा छातीभर झाला. हनुमान जयंतीला कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग काळा पडला, गळा त्याच्यामुळे अधिकच पांढरा उठून दिसू लागला. इतका देखणा नर मी महिन्याभरापूर्वी 'धुरकट' म्हणून वहीत लिहिला होता, याची थोडी लाजच वाटली.

त्या काळ्या कपाळाला महत्त्व आहे. छोट्या चिखल्याची एकच जात मानली जायची. अलीकडे तिच्या दोन जाती केल्या आहेत, एक सैबेरियाकडची आणि एक तिबेटच्या पठाराकडची. सैबेरियावाल्याच्या कपाळावर पांढरं राहतं. पठारावाल्याचं कपाळ काळं, आणि त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'अॅट्रिफ्रॉन्स' या शब्दाचा अर्थही तोच, काळ्या कपाळाचा. म्हणजे माझा लंगड्या आर्क्टिकला नव्हे, हिमालयाच्या मागच्या पठारावर निघाला होता. सरळ रेषेत मोजलं तर आंजर्ल्यापासून लडाखची सरोवरं १,८०० किलोमीटरच्या आसपास. जगातल्या लांब उड्डाणांच्या मानाने हे काहीच नाही. २००७ मध्ये ट्रान्समीटर बसवलेली 'ई-७' नावाची गॉडविट मादी अलास्काहून निघून न थांबता साडेअकरा हजार किलोमीटरांवरच्या न्यूझीलंडला आठ दिवसांत पोचली, आणि तेव्हापासून स्थलांतर म्हटलं की लेखकांना तीच आठवते. विक्रमांची मला अॅलर्जी नाही. पण लाटेच्या फेसात पाय बुडवून जगणारं साठ ग्रॅमचं पाखरू महिन्याभरात साडेचार हजार मीटरवरच्या विरळ हवेत अंडी घालतं, ही गोष्ट मला किलोमीटरांपेक्षा मोठी वाटते.

रंग बदलणं ही वरवरची तयारी. खरी तयारी पोटाची. चिखल्याची खाण्याची पद्धत ठरलेली आहे: चार पावलं पळायचं, खिळल्यासारखं थांबायचं, बघायचं, टिपायचं. डोळे अंगाच्या मानाने मोठे. चांदण्या रात्रीही तो खात राहतो. थांबलेला असताना तो वाळूच्या पृष्ठभागावरची बारीकशी हालचाल हेरत असतो. मग चोच खाली जाते आणि गांडुळाच्या कुळातला एखादा किडा अर्धा बाहेर येतो. तो ओढला की तुटतो, म्हणून लंगड्या झटका न देता मागे झुकून ताण धरून राहायचा, रबर ताणून धरावं तसा. दोन-तीन सेकंदांनी बिळातली पकड सुटायची आणि किडा अख्खा बाहेर. एका तासात हे त्याने किती वेळा केलं ते मोजायला बसलो आणि सत्तरनंतर माझाच नाद सुटला.

हे सगळं चरबीत जमा होतं. एक ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी, म्हणजे पिठूळ अन्नाच्या दुपटीहून जास्त. वर ती जळताना पाणीही मिळतं. काही किनारपक्षी लांबच्या उड्डाणाआधी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. गॉडविटच्या बाबतीत तर असं आढळलं आहे की निघण्याआधी आतडी, यकृत, पोटातली दळणारी पिशवी आक्रसून लहान होते. प्रवासात खायचंच नाही तर स्वयंपाकघराचं ओझं कशाला! लंगड्याच्या आतड्यांचं मला माहीत असण्याचं कारण नाही. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट पायांच्या मागे गोल होऊन लोंबू लागलं होतं. जाणकार निरीक्षक दुर्बिणीतून शेपटीखालच्या या गोलाईवरूनच पक्षी किती 'भरला' ते अजमावतात.

आता त्याला हे कळतं कसं? थंडी संपली म्हणून, हे उत्तर कोकणात चालत नाही. इथे थंडी असते कुठे? १९२० च्या दशकात कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोवन यांनी जुंको नावाच्या चिमण्यांसारख्या पक्ष्यांना उघड्यावर, गोठवणाऱ्या थंडीत ठेवलं आणि विजेचे दिवे लावून त्यांचा 'दिवस' रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर हिवाळा ऐन भरात असताना त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत आला. प्रजननाचे अवयव वाढले. तापमान नाही, दिवसाची लांबी हा इशारा आहे, हे त्यातून दिसलं. पण एडमंटनला दिवस साडेसात तासांवरून सतरा तासांवर जातो. आंजर्ल्याला सगळ्यांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यांत मोठा सव्वातेराचा. एवढ्याशा फरकावर विसंबून कोण निघेल?

त्याचं उत्तर जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांच्या प्रयोगांतून मिळालं. त्यांनी स्थलांतर करणारे वटवटे (वॉर्ब्लर) अशा खोल्यांत वाढवले जिथे उजेड-अंधाराचं प्रमाण वर्षभर तेच ठेवलेलं होतं. बाहेरच्या ऋतूची कुठलीच बातमी आत जात नव्हती. तरी त्या पक्ष्यांनी वेळ आली की पिसं बदलली, चरबी साठवली आणि रात्री बेचैन होऊन पंख फडफडवले. त्यांच्या अंगात वर्षाचं घड्याळ चालतं. ते अगदी ३६५ दिवसांचं नसतं, थोडं मागेपुढे असतं. दिवसाची लांबी फक्त काटे जुळवून देते. मग आपल्याकडचा दोन तासांचा फरकही पुरेसा आहे.

त्या रात्रीच्या बेचैनीची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन आणि त्यांचे वडील यांनी एक साधं उपकरण केलं. कागदाचं नरसाळं, तळाशी शाईचा पॅड, वर जाळी. पॅडवर बसलेला पक्षी ज्या दिशेला निघायला बघतो त्या बाजूच्या कागदावर त्याच्या पावलांचे शाईचे ठसे उमटतात. हे नरसाळं एमलेनांनी तारांगणात नेऊन ठेवलं. छतावर वसंतातलं आकाश लावलं की ठसे उत्तरेकडे दाट. तारे उलटे फिरवले की ठसेही उलटले. एका रात्रीच्या धडपडीचा नकाशा, पक्ष्याने स्वतःच्या पायांनी काढलेला! महागड्या यंत्रांच्या आजच्या काळातही या प्रयोगाइतकं नेटकं काम क्वचितच दिसतं.

प्रत्यक्ष निघणं मात्र मी इतक्या वर्षांत तीनदाच पाहिलं आहे. एकदा एप्रिलअखेर, सूर्य समुद्राच्या वर हातभर असताना. भरती चढत होती. वाळूवर बसलेल्या थव्यात आधी आवाज वाढला. एरवी चिखल्याचा आवाज म्हणजे तुटक 'तिरिर्र', कानांवरून जाईल असा. त्या संध्याकाळी सगळे एकदम बोलत होते. मग चाळीसेक पक्षी उठले. कुत्रा आला किंवा ससाणा आला की पाखरं उठतात, पाण्यावर एक वळसा घेतात आणि पुन्हा बसतात. ते मी हजार वेळा पाहिलंय. हे उठले आणि वळसा घेता घेता वर चढले. सुरूच्या झाडांच्या वर, मग कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीच्याही वर. दोघे-तिघे गळाठले आणि खाली येऊन परत वाळूवर बसले, जणू तिकीट काढलं आणि बेत बदलला. उरलेल्यांची वाकडीतिकडी रांग झाली, रांगेची बाणासारखी आकृती झाली आणि ती ईशान्येकडे सरकत दुर्बिणीतून विरली. आवाज तेवढा आणखी थोडा वेळ येत राहिला. लंगड्या त्यात होता का? कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा रिकामा वगैरे नव्हता. शंभरावर चिखल्या तसेच पळत होते. लंगड्या दिसला नाही.

सूर्यास्ताच्या आसपास निघून रात्रभर उडायचं, हा पुष्कळ किनारपक्ष्यांचा रिवाज आहे. म्हणून स्थलांतराचा मोठा भाग आपल्या डोक्यावरून, आपण झोपलेलो असताना जातो. मुंबईकरांचे रोहित सुद्धा ठाणे खाडीतून रात्रीच हलतात. त्यांचं निघणं दिवसाच्या लांबीपेक्षा पाण्यावर आणि पावसावर बेतलेलं, कच्छच्या रणाकडे तोंड असलेलं. तो वेगळाच विषय आहे आणि त्याला पुढे स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. पण मे २०२४ मधल्या एका रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला धडकून जवळजवळ चाळीस रोहित मेले तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की आपल्या शहरावरून रात्री पक्षी ये-जा करतात.

मे महिन्याचा आपल्या किनाऱ्यावरचा त्रास निराळा, आणि तोच नेमका घाईच्या वेळी येतो. शाळांना सुट्ट्या लागतात आणि गाड्या वाळूवर उतरतात. एकदा भरतीआधीच्या माझ्या त्या सोन्याच्या दोन तासांत एक पांढरी गाडी थेट थव्यातून गेली, पाखरं उठली, गाडी वळून परत आली, पाखरं पुन्हा उठली. तिसऱ्या फेरीला मागची चाकं रुतली. पाणी चढत होतं. घरची मंडळी उतरून हाका मारू लागली. वाडीतून ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही सात-आठ जणांनी धक्का मारला. मनातून मला बरं वाटत होतं, ते लपवून मीही मारला. या सगळ्यात थवा सात वेळा उडाला, त्यातल्या चार वेळा आमच्या आरडाओरड्यामुळे. प्रत्येक उड्डाणाला साठवलेली थोडी चरबी जाते आणि खायचा थोडा वेळ जातो. ऑक्टोबरात हे भरून निघतं. मेच्या पहिल्या आठवड्यात भरून काढायला दिवसच उरलेले नसतात.

उशिरा जाणारे सगळे आर्क्टिकवाले. लाटेमागे किल्ली दिलेल्या खेळण्यासारखा धावणारा सँडरलिंग, विटेसारखा लाल झालेला बाकचोच तुतवार, वीस-पंचवीस ग्रॅमचा टिलवा. टुंड्रावरचं बर्फ जूनमध्ये वितळतं. त्याआधी पोचून करायचं काय? म्हणून जो सगळ्यांत लांब जाणार तो घाई करत नाही. आपल्याकडे गावाला निघताना लांबचा पल्ला असलेला माणूस पहाटे उठून सगळ्यांना उठवतो. पाखरांचं उलट.

येणारे अगदीच नसतात असं नाही. फक्त ते समुद्राच्या बाजूने येतात आणि थोडे असतात. अमूर ससाणे एप्रिल-मेमध्ये सोमालियाकडून अरबी समुद्र ओलांडून भारतावर येतात. २०१३ मध्ये नागालँडमध्ये ट्रान्समीटर लावलेल्या ससाण्यांच्या प्रवासात ही वाट दिसली, पण ते इतक्या उंचावरून जातात की किनाऱ्यावरून दिसणं हा योग. अंटार्क्टिकाच्या बाजूला हिवाळा लागला की तिकडचा विल्सनचा वादळी पक्षी, जेमतेम चाळीस ग्रॅमचा, अरबी समुद्रात येतो. मालवण-गोव्याकडून खोल पाण्यात होडीने गेलं तर तो लाटांवर पाय टेकत नाचताना दिसतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, बाकीचा किनारा ओस पडत असताना, सुरय पक्ष्यांची वीण सुरू होते. आणि मेच्या शेवटी, पावसाच्या वाऱ्यांबरोबर, आफ्रिकेतून चातक. पाऊस कधी येणार ते तो सांगतो की नाही यावर वाद घालायला मजा येते. शेतकऱ्याला विचाराल तर वाद नाहीच.

येणाऱ्याची तारीख लिहिणं सोपं असतं. चातक दिसला, लिहिला, झालं. २००७ मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू झाला तेव्हा देशभरच्या हौशी लोकांना हेच विचारलं होतं: या नऊ जातींपैकी पहिला पक्षी तुम्हाला कधी दिसला? पुढे जाणाऱ्यांच्या तारखाही मागितल्या जाऊ लागल्या आणि घोळ सुरू झाला. पहिला पक्षी दिसला की त्याच क्षणी कळतं, हा पहिला. शेवटचा पक्षी दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे माहीत नसतं. ते कळण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं, परवा जावं लागतं, आणि काहीच दिसलं नाही तर ते 'काहीच नाही' लिहावं लागतं. आपल्या लोकांना हे जड जातं. पक्षी बघायला गेलो आणि वहीत शून्य घेऊन आलो, हे घरी सांगायचं कसं? त्यामुळे नोंदी एप्रिलच्या मध्यात विरळ होतात. ऊन वाढलेलं असतं, लग्नसराई असते, आंबे उतरवायचे असतात. पक्षी जाण्याआधी पक्षीनिरीक्षकच निघून जातात. आपल्या किनाऱ्यावरून पक्षी लवकर जाऊ लागलेत की उशिरा, हा प्रश्न सध्याच्या बदलत्या हवामानात फार मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर या शून्यांत दडलेलं आहे.

म्हणून मी अक्षय्य तृतीयेनंतर दर आठवड्याला आंजर्ल्याला जातो. गंमत म्हणजे गेल्या नऊ वर्षांत चिखल्यापुढे शून्य लिहायची वेळ अजून आलेली नाही. सगळे निघून गेल्यावरही मेच्या शेवटी, पावसाच्या पहिल्या ढगांखाली, सात-आठ पाखरं वाळूवर असतातच. धुरकट, रंग न चढलेली, पोट सपाट. मागच्या वर्षी जन्मलेली ही पोरं. पहिल्या वर्षी यांतली बरीचशी उत्तरेला जातच नाहीत. घर सांभाळायला मागे राहतात म्हणा. नाखवांना एकदा दाखवली. त्यांनी हात डोळ्यांवर धरून बघितलं आणि म्हणाले, "मग मी तुम्हाला चुकीचंच सांगितलं होतं की!"

मी वहीत आकडा लिहिला: सात.